अठ्ठाविसाव्या सांध्याचा आवाज

सकाळी सव्वासातला हॉईस्टच्या, म्हणजे बांधकामावर माणसं आणि माल वर नेणाऱ्या लिफ्टच्या, ऑपरेटरचा फोन आला. "साहेब, खाली येताना एक आवाज येतोय. वर जाताना नाही, खाली येतानाच. टक्‌ असा, एकदाच. गाडी खाली लावलीय आणि चावी माझ्या खिशात आहे. तुम्ही बघेपर्यंत मी कोणाला बसवत नाही."

मी पोहोचलो तेव्हा खालच्या गेटपाशी प्लास्टरवाले, टाइल्सवाले, वायरमन असे तीस-पस्तीस जण खोळंबले होते आणि फोरमन ऑपरेटरला समजावत होता. आदल्या संध्याकाळीच मास्टची, म्हणजे पिंजरा ज्याला धरून वर-खाली जातो त्या खांबाची, उंची वाढवून झाली होती. उभारणी करणाऱ्या टोळीने तपासणीचा कागद भरून दिला होता आणि त्यावर माझीही सही होती. फोरमनचा प्रश्न सरळ होता : काल सगळं तपासलंय, तर आज आवाज कुठून आला?

या प्रकरणात कोणाला खरचटलंही नाही. तरी काय चुकलं, ते तपासणीतून कसं निसटलं आणि शेवटी कसं सापडलं, हे नीट लिहून ठेवायला हवं असं मला मनापासून वाटतं. अगदी याच चुकीने दुसरीकडे माणसं गेलेली आहेत.

यंत्र आणि पहिली उभारणी

आमची हॉईस्ट रॅक-पिनियन जातीची : मास्टवर दातेरी पट्टी (रॅक), पिंजऱ्यावर दातेरी चाक (पिनियन), आणि चाक फिरलं की पिंजरा पट्टीवर चढतो-उतरतो. पिंजरा एक, क्षमता २००० किलो, वेग मिनिटाला ३६ मीटर. ड्राइव्ह (मोटर आणि गिअर) पिंजऱ्याच्या आतच आहे, त्यामुळे छत मोकळं राहतं. मास्ट म्हणजे चौकोनी जाळीदार खांब, एकावर एक सेक्शन रचून वाढवायचा. प्रत्येक सेक्शन १५०८ मिलिमीटरचा असतो. हा आकडा ऐकायला विचित्र वाटतो, पण त्याचं कारण रॅकच्या दातांत आहे. रॅकचं मोड्यूल (दातांच्या आकाराचं माप) ८, म्हणजे एका दातापासून पुढच्या दातापर्यंत ८ गुणिले π (३.१४१६), २५.१३ मिलिमीटर. असे ६० दात झाले की १५०८. सेक्शनमध्ये दात पूर्ण संख्येने बसले नाहीत तर एकाचा रॅक दुसऱ्यात सलग मिसळत नाही आणि पिनियन सांध्यावर अडखळतो. नव्याने कामावर आलेल्या पोरांना मी हे आवर्जून सांगतो. एकदा हे डोक्यात बसलं की सांध्यातली बारीकशी फटही का खपवून घ्यायची नाही, ते वेगळं सांगावं लागत नाही.

दोन सेक्शन चार कोपऱ्यांतल्या चार एम-२४ बोल्टांनी जोडले जातात. आमच्या मॅन्युअलप्रमाणे प्रत्येक बोल्ट ३५० न्यूटन-मीटरला ओढायचा, म्हणजे आवळायचा. मास्टला इमारतीशी बांधून ठेवणारे वॉल टाय ठरावीक अंतरावर येतात आणि सगळ्यात वरच्या टायच्या पुढे मोकळा मास्ट साडेसात मीटरपेक्षा जास्त ठेवायचा नाही. मास्टच्या अगदी टोकाला बिनरॅकचा सेक्शन असतो. सगळे स्विच निकामी होऊन पिंजरा वरच जात राहिला, तर पिनियनला पकडायला पुढे दातच मिळू नयेत, यासाठी तो.

तीन महिन्यांपूर्वी हॉईस्ट पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा पाया, पायातले बोल्ट, तळाचे बफर, दोन मीटर उंचीचं कुंपण हे सगळं नियमाप्रमाणे झालं. अडचण आली ती विजेची. चालू करायच्या दिवशी मुख्य लाइन गेली आणि जनरेटरवरून पुरवठा जोडला. बटण दाबलं तर यंत्र हलेना, पॅनेलमधला फेज रिले अडवून बसला होता. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "रिले खराब दिसतोय, तात्पुरता बायपास करू." मी करू दिला नाही. हा रिले कशासाठी असतो हे साइटवर फार थोड्या जणांना ठाऊक असतं, म्हणून इथे थोडं थांबतो.

पुरवठ्याच्या तीन फेजचा क्रम उलटला की मोटर उलटी फिरते, म्हणून अशा वेळी हा रिले यंत्र सुरूच होऊ देत नाही. 'वर'चं बटण दाबलं की पिंजरा खाली जातो आणि 'खाली'चं दाबलं की वर. एवढंच असतं तर ऑपरेटरच्या लगेच लक्षात आलं असतं. धोका लिमिट स्विचमध्ये आहे, म्हणजे पिंजरा टोकाला पोहोचला की दाबला जाऊन त्याला थांबवणाऱ्या स्विचमध्ये. वरचा लिमिट स्विच 'वर'च्या कॉन्टॅक्टरची (मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचची) वीज तोडतो. पिंजरा प्रत्यक्षात वर जात असला तरी तो धावतोय 'खाली'च्या कॉन्टॅक्टरवर, म्हणजे स्विच दाबला जाऊनही काही तुटत नाही. मग उरतो फक्त शेवटचा फायनल लिमिट, जो सगळीच वीज तोडतो. रिले शाबूत होता. जनरेटरच्या पॅनेलमध्ये दोन वायरी अदलाबदल केल्या आणि यंत्र सुरळीत चाललं. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे : पुरवठा बदलला, केबल सोडून पुन्हा जोडली, तर पहिली चाचणी फेजची. बटणाला हलका स्पर्श करायचा, पिंजरा फूटभर कोणत्या दिशेला जातो ते बघायचं आणि मगच पुढचं.

व्होल्टेजही आम्ही खालच्या पॅनेलवर न मोजता पिंजऱ्यातल्या पॅनेलवर, भरलेला पिंजरा वर सुटतानाच मोजतो. लोंबती केबल जितकी लांब, तितकं वर पोहोचेपर्यंत व्होल्टेज पडतं. या मोटरींचे ब्रेक स्प्रिंगने लागतात आणि विजेने उघडतात. वीज गेली की आपोआप लागतात, हे चांगलंच आहे. पण व्होल्टेज कमी पडलं तर ब्रेक पुरता उघडत नाही, घासत राहतो आणि अस्तर जळतं. ब्रेकच्या जळक्या वासाची तक्रार आली की मी आधी केबलकडे बघतो. अर्थिंगची मर्यादा ४ ओहम होती आणि आम्हाला त्याच्या बरंच आत मिळालं.

ड्रॉप टेस्ट

पिंजरा भरधाव खाली सुटला तर त्याला धरणारं शेवटचं साधन म्हणजे सेफ्टी डिव्हाइस. त्याचा स्वतःचा पिनियन रॅकवर सतत फिरत असतो. वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की आतलं वजन केंद्रोत्सारी जोराने बाहेर फेकलं जातं, शंकूसारखा ब्रेक घट्ट होत जातो आणि मोटरची वीजही तुटते. आमच्या यंत्रात ही मर्यादा सेकंदाला १.२ मीटर आहे, म्हणजे नेहमीच्या वेगाच्या दुप्पट.

हे साधन चालतं की नाही हे बघायचा एकच मार्ग आहे, पिंजरा खरोखर सोडून बघायचा. १८५४ साली न्यूयॉर्कमधल्या प्रदर्शनात एलिशा ओटिस स्वतः फळीवर उभा राहिला आणि त्याने वरचा दोर कापायला लावला. फळी जागीच अडकली. आपण मात्र चाचणीच्या वेळी पिंजऱ्यात कोणालाही उभं करायचं नाही. पन्नास किलोची चाळीस पोती पिंजऱ्यात सारखी पसरायची, चाचणीचं बटण लांब केबलने कुंपणाबाहेर आणायचं, आतलं आणि आजूबाजूचं माणूस न्‌ माणूस हलवायचं. पिंजरा दहा मीटर वर न्यायचा आणि मग ब्रेक उघडायचं बटण दाबून धरायचं.

ज्यांनी हे कधी पाहिलेलं नाही त्यांनी एकदा तरी पाहावं. आधी काहीच होत नाही असं वाटतं. मग पिंजरा घसरायला लागतो, गिअरचा घरघराट चढत जातो आणि खाड्‌ असा दणका बसून सगळा मास्ट थरारतो. त्यानंतरच्या शांततेत पोत्यांतून झिरपणारी सिमेंटची धूळ तेवढी दिसते. पिंजरा जमिनीपासून तीन मीटरवर आला तरी थांबला नाही तर बटण सोडून द्यायचं, म्हणजे मोटरचे ब्रेक लागतात. ही खूणगाठ आधीच मनाशी बांधून ठेवायची, त्या क्षणी विचार करायला वेळ नसतो.

बटण दाबल्यापासून थांबेपर्यंत पिंजरा किती उतरला ते आम्ही रॅकचे दात मोजून काढतो. पहिल्या चाचणीत ५४ दात, म्हणजे सुमारे १.३६ मीटर. त्यात वेग पकडण्याचा आणि प्रत्यक्ष ब्रेकचा, असे दोन्ही टप्पे आले. हा आकडा जपून ठेवायचा असतो. पुढच्या चाचणीत तो वाढला तर ब्रेक ढिला पडतोय आणि फारच घटला तर धक्का मास्टला आणि आतल्या माणसांना बसणार. चाचणीनंतर डिव्हाइस पुस्तकात दिल्याप्रमाणे रिसेट करायचं आणि पिंजरा आधी वीसेक सेंटिमीटर वरच न्यायचा, त्याशिवाय आतलं वजन सुटत नाही.

वाढवणीची संध्याकाळ

इमारत पंधराव्या स्लॅबपर्यंत आली होती, मजला तीन मीटरचा. हॉईस्ट तेराव्या मजल्यापर्यंत जात होती आणि मास्टला २८ सेक्शन होते, ४२.२ मीटर. चौदाव्या मजल्याचं लँडिंग हवं होतं, त्यासाठी तीन सेक्शन वाढवायचे ठरले. ४१ मीटरवर नवा टाय दुपारीच बसवून झाला. टोकाच्या बिनरॅक सेक्शनसकट एकूण उंची ४८.२६ मीटर होणार होती, म्हणजे टायच्या वर ७.२६ मीटर. मर्यादेच्या आत, पण काठावर.

वारा आम्ही वर मोजला होता, सेकंदाला ९ मीटर. उभारणीसाठी मॅन्युअलची मर्यादा साडेबारा आहे. काम सुरू व्हायला मात्र उशीर झाला, दिवसभर पिंजरा मालासाठीच अडकून होता. पाच वाजता टोळी पिंजऱ्याच्या छतावर चढली.

पद्धत अशी असते : टोकाचा बिनरॅक सेक्शन उतरवायचा, छतावरच्या छोट्या जिबने (उचलणीच्या क्रेनने) नवा सेक्शन उचलून मास्टवर ठेवायचा, बोल्ट घालायचे, ओढायचे, पिंजरा पुढे सरकवायचा, असं करत शेवटी बिनरॅक सेक्शन परत टोकाला आणि लिमिट स्विचचे कॅम (स्विच दाबणारे तुकडे) नव्या जागी. चार सांधे, सोळा बोल्ट.

पहिला नवा सेक्शन अठ्ठाविसाव्यावर ठेवला तेव्हा पिंजऱ्याच्या बाजूचे दोन बोल्ट त्यांनी घालून ओढले. मागच्या बाजूचे दोन नुसते सोडले, एकाला हाताने थोडा नट फिरवला, दुसऱ्याला लावलाच नाही. सेक्शन आधी सरळ बसू दे, मग ओढू, असा विचार. यात गैर काही नव्हतं, सगळेच तसं करतात. तेवढ्यात जिबचा दोर मास्टच्या जाळीत अडकला, तो सोडवण्यात दहा मिनिटं गेली आणि हातात आला तो पुढचा सेक्शन. मागचे दोन बोल्ट तसेच राहिले. हे मला दुसऱ्या दिवशी टोळीतल्या वयस्क फिटरने स्वतःहून सांगितलं. त्याने सांगितलं म्हणून हे प्रकरण पूर्ण लिहिता आलं. त्याच्यावर कोणी आवाज चढवला असता तर ती दहा मिनिटं आम्हाला कधीच कळली नसती.

साडेसहाला मी तपासणीसाठी छतावर गेलो. अंधारून आलं होतं, हातात टॉर्च. पिंजरा सगळ्यात वर नेऊन आम्ही सांध्यामागून सांधा उतरत पाहत आलो. हात पोहोचेल तिथल्या, म्हणजे पिंजऱ्याच्या बाजूच्या बोल्टांवर टॉर्क पाना (ठरलेला जोर आला की टक्‌ वाजणारा) लावला आणि सगळे टकटक वाजले. मागच्या बोल्टांवर टॉर्च मारली. चारही सांध्यांवर बोल्टाची डोकी आपापल्या जागी होती. मी सही केली.

बोल्ट वरून घातलेले होते, डोकं वर आणि नट खाली. वरून बघणाऱ्याला डोकं दिसतं. खाली नट आहे की नाही हे त्याला दिसत नाही, आणि नट नसला तरी बोल्ट आपल्या वजनाने भोकात मजेत बसून राहतो. आम्ही तिघे त्या सांध्याच्या वर उभे होतो. खाली येताना तो आवाज झालाच असणार, पण आम्ही बोलत होतो.

सकाळ

आमच्याकडे दिवसाची पहिली फेरी रिकामी असते. ऑपरेटर एकटा जातो. त्याआधी तो गेटचे इंटरलॉक उघडून बघतो की गेट उघडं असताना यंत्र सुटत तर नाही, छताच्या झडपेचा स्विच बघतो, इमर्जन्सी स्टॉप दाबून बघतो, मीटरभर वर नेऊन थांबवतो आणि पिंजरा घसरतो का ते पाहतो. मग शेवटच्या लँडिंगपर्यंत जाऊन येतो. कुठल्याही टोकाला तो बटण सोडूनच थांबतो, लिमिट स्विचवर आपटून नव्हे. लिमिट हे चुकल्यावरचं साधन आहे, रोज थांबायचं नव्हे.

त्या दिवशी चौदाव्यावरून निघाल्यावर दोन-तीन मीटरांतच त्याला आवाज आला. त्याने एकदा पुन्हा वर जाऊन पाहिलं असतं तर मी त्याला दोष दिला नसता, माणसाचा तसा स्वभाव असतो. तो सरळ खाली आला. "पुन्हा वर कशाला जाऊ साहेब? जे काय आहे ते वरच आहे ना," एवढंच तो म्हणाला.

'वर जाताना नाही, खाली येतानाच' हे त्याचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. रोलर खराब असता तर आवाज मास्टभर आला असता. रॅकचा सांधा सरकला असता तर वर जाताना आणि खाली येताना दोन्हीकडे आला असता. एकाच उंचीवर, एकाच दिशेने, एकदाच येणारा आवाज म्हणजे काहीतरी उघडतंय आणि पिंजरा खाली आला की मिटतंय.

मी पिंजरा हलवू दिला नाही. मास्टच्या खालचा परिसर दोरी बांधून मोकळा केला, जिन्याने पंधराव्या स्लॅबवर गेलो आणि दुर्बिणीने खाली पाहिलं. अठ्ठाविसाव्या सांध्यावर चारही डोकी दिसत होती, अगदी आदल्या रात्रीसारखी. क्षणभर वाटलं, फोरमनचंच बरोबर असावं. मग तेराव्यावर उतरलो आणि मोबाइलचा कॅमेरा झूम करून खालून वर पाहिलं. मागच्या एका कोपऱ्यात बोल्टाचे आटे नुसतेच उघडे लोंबत होते. दुसऱ्या कोपऱ्यात नट होता, पण शेवटच्या आट्यांवर. त्याच्यावर बोटभर जागा मोकळी.

उरलेला नट छतावरच्या हत्यारांच्या डब्यात सापडला.

मागचेच बोल्ट का महत्त्वाचे

पिंजरा मास्टच्या एका बाजूला लटकतो. रिकामा पिंजरा आणि पूर्ण भार मिळून साडेतीन टन धरले आणि ते वजन मास्टच्या मध्यापासून सुमारे एक मीटरवर आहे असं मानलं, तर मास्ट पिंजऱ्याच्या दिशेने वाकायला बघतो. पिंजऱ्याच्या बाजूचे मास्टचे उभे पाइप दाबले जातात, मागचे ताणले जातात. कोपऱ्यातल्या बोल्टांमध्ये साधारण ६५ सेंटिमीटर अंतर आहे. हिशोब मांडला तर मागच्या दोन बोल्टांवर मिळून साडेतीन टनांच्या आसपास ओढ येते. तेच दोन बोल्ट नसतील तर पुढचे दोन बिजागरीसारखे वागतात आणि वरचा मास्ट पिंजऱ्यासकट बाहेर कलायला मोकळा होतो.

आणखी एक गोष्ट. पिंजरा सांध्याच्या खाली असेपर्यंत या सांध्याला काहीच होत नाही. वर असतं ते फक्त मास्टचं स्वतःचं वजन, जे सांधा मिटवूनच ठेवतं. म्हणजे तेराव्या मजल्यापर्यंत दिवसभर शंभर फेऱ्या मारल्या असत्या तरी यंत्र निर्दोष वाटलं असतं. पिंजरा पूर्ण सांध्याच्या वर गेला की सगळा तोल त्या बोल्टांवर येतो. त्यात आमचा सांधा शेवटच्या टायच्या सव्वा मीटर वर होता. त्याच्या वर मास्टला धरणारं काहीही नव्हतं. रिकाम्या पिंजऱ्याने फट उघडली आणि शेवटच्या आट्यांवरच्या त्या एका नटाने ती धरून ठेवली. खाली येताना फट मिटली, तोच टक्‌. त्या फेरीत आत बारा-पंधरा माणसं असती तर तो नट टिकला असता का, हा विचार मी पुढे नेत नाही.

१३ सप्टेंबर २०१२ रोजी चीनमधल्या वुहान शहरात बांधकामाच्या हॉईस्टचा पिंजरा मास्टच्या तुकड्यासकट कोसळला आणि १९ जण गेले. २५ एप्रिल २०१९ रोजी त्याच देशात हंगश्वी इथे ११ जण गेले. तिथे सोळाव्या आणि सतराव्या सेक्शनच्या मधले एका बाजूचे दोन बोल्ट बसवलेच नव्हते आणि उंची वाढवल्यावर तपासणी न करताच यंत्र वापरात आणलं होतं. आमच्याकडे तपासणी झाली होती. फरक एवढाच होता, आणि ती तपासणी चुकीच्या बाजूने झाली होती.

दुरुस्ती आणि पुन्हा चाचणी

टोळी दहाला परत आली. पिंजरा असा थांबवला की त्याचं छत ४१ मीटरवर, टायच्या पातळीला राहील आणि सांधा छातीच्या उंचीवर येईल. पिंजऱ्याचा कोणताही भाग सांध्याच्या वर नको होता. इमर्जन्सी स्टॉप दाबला, मुख्य स्विच बंद करून कुलूप लावलं. हार्नेसचा हुक छतावरच्या ठरलेल्या कड्यात, मास्टला नाही. मास्टला बांधलेला माणूस पिंजरा चुकून हलला तर दोन्हींच्या मध्ये ओढला जातो.

त्या सांध्याचे चारही बोल्ट बदलले. ताण खाल्लेला बोल्ट वरून चांगला दिसला तरी पुन्हा वापरू नये. नवे बोल्ट खालून घातले, डोकं खाली आणि नट वर. यात नट पडला तर बोल्टही खाली पडतो आणि रिकामं भोक कोणालाही दिसतं. आधीचे तीन महिने आम्ही उलटं का घालत होतो, याला माझ्याकडे उत्तर नाही. वरून घालायला सोपं पडतं, बस. उरलेल्या तीन नव्या सांध्यांचेही बोल्ट असेच उलटे, खालून घालून घेतले आणि त्याच्या खालचे अकरा सांधे मागच्या बाजूने जाळीतून हात घालून पान्याने तपासले. ते सगळे ठीक निघाले.

मग मास्टचा ओळंबा. मर्यादा उंचीच्या हजारात एक, म्हणजे आम्हाला ४८ मिलिमीटर. एका दिशेला १९ निघाले, दुसऱ्या दिशेला २६. वरचा लिमिट आणि फायनल लिमिट दोन्ही नव्या उंचीवर हळू वेगाने दाबून पाहिले. रिकाम्या फेऱ्या, अर्ध्या भाराच्या, पूर्ण भाराच्या, प्रत्येक वेळी एक माणूस तेराव्यावर उभा राहून सांध्याकडे खालून बघत होता. दुपारी तीनला ड्रॉप टेस्ट : ५६ दात. आधीपेक्षा दोन जास्त, मर्यादेच्या आत. नोंद केली.

माणसं संध्याकाळी वर गेली. एक दिवस गेला. फोरमनने दुपारीच ऑपरेटरला जाऊन सांगितलं की सकाळी आपण उगाच बोललो. ते त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, याचं मला बरं वाटलं.

काय बदललं

जुन्या कागदावर एक ओळ होती, 'मास्ट बोल्ट तपासले', आणि पुढे एक चौकट. त्या एका चौकटीत सोळा बोल्ट मावत होते आणि बघणाऱ्याचे डोळेही. आता प्रत्येक सांध्याला चार चौकटी आहेत, पिंजऱ्याच्या बाजूचे दोन आणि मागचे दोन असं नाव घालून. प्रत्येक ओढलेल्या नटावरून सेक्शनपर्यंत रंगाची रेघ मारली जाते. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय. प्रत्येक सांध्याचा फोटो खालून काढायचा. टोळी छतावर चढते तेव्हा नट मोजून दिले जातात आणि उतरते तेव्हा डबा मोजून घेतला जातो. हा शेवटचा नियम फिटरने सुचवला.

वाढवणी दुपारी दोननंतर सुरू करायची नाही. त्या दिवशी माल थांबला तर थांबला. नव्या उंचीवरची पहिली फेरी रिकामी आणि तीही चाचण्या संपल्यावर. वाढवणीचा दिवस म्हणजे आमच्या हिशोबी नवी हॉईस्ट उभी राहण्याचा दिवस, त्यामुळे तपासणीची यादी पहिल्या दिवसाचीच, सगळी. चावीबद्दलही लेखी झालं : ऑपरेटरने शंका घेऊन चावी काढली तर ती परत मागायचा अधिकार साइटवर कोणालाही नाही, यंत्राची जबाबदारी असलेल्या इंजिनिअरने प्रत्यक्ष बघेपर्यंत.

आठ दिवसांनी ठरल्याप्रमाणे नव्या सांध्यांवर पुन्हा टॉर्क पाना लावला. नवे बोल्ट पहिल्या काही दिवसांत थोडे बसतात, म्हणून ही फेरी. अठ्ठाविसाव्यावर चारही नट जागचे हलले नाहीत. तिसाव्यावर मागच्या बाजूचा एक नट पाना वाजायच्या आधी जरासा फिरला. जुनी रेघ पुसून नवी मारली आणि त्याच्या चौकटीत तारीख लिहिली.